वरीच्या भातावर सुकटीचं कालवण

कुडपणहून निघाले त्या सकाळी जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि माझी थोरली जाऊ काही केल्या पिशवीचं तोंड बांधू देत नव्हती. आधी वरी, मग नाचणी, मग कुळीथ, आणि वर अळवाचे चार कांदे, मातीसकट. मी म्हटलं, "बाय, महाडला दुकानं हायत." तशी म्हणाली, "हायत गो, पन दुकानात आपली वरी हाय का?" आणि पाठ फिरवून गोठ्यात गेली. गुरं तर मघाशीच सोडली होती. मला गाडीत चढताना बघायला नको म्हणून गेली ती.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे खाली उतरलात, त्या सगळ्यांना हे लिहिते. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा बोलते तसंच लिहिणार. मुंबईला गेलेले हसतील, की महाड म्हणजे काय परदेश झाला? जीपनं दोन तास. पण बाबांनो, दारातली चूल नि दारातली भाजी एकदा सुटली, की दोन तास काय नि दोन दिवस काय.

आले ती नातीसाठी. आमचे हे गेल्यावर मी एकटीच होते. मुलगा कंपनीत शिफ्टला, सून स्वाती दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला, आणि छकुली तीन वर्षांची. मुलगा म्हणाला, "आई, शिमग्यापर्यंत राहून बघ. नाय करमलं तर परत सोडतो." मी परत गेले तर स्वातीचं काम सुटणार, हे तिलाही कळत होतं नि मलाही.

आणि मला करमेना. घर चांगलं, पहिल्या मजल्यावर, गॅस, फ्रिज, मिक्सर, सगळं. बोलायला मात्र कोणी नाही. सगळ्यांची दारं लावलेली. माझी आई म्हणायची, "आधी दारातलं, मग बाजारातलं." पावसात टाकळा-कुर्डू, थंडीत वाल, उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा नि कुळथाची पिठी, असंच आम्ही पोरं वाढवली. इथं दार म्हणजे गॅलरी. मग मुलाकडून रंगाचे रिकामे डबे आणवले, तळाला भोकं पाडली, अळू लावलं, चवळी टाकली. तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना. अळवानं पंधरा दिवसांत पान काढलं. मीच आपली सुकत चालले होते.

एका बुधवारी मनात आलं, समोरच्या जाधवबाईंना काहीतरी द्यावं. फलटणकडच्या बाई, जिन्यात भेटल्या तर हसायच्या तेवढ्या. मी वरी केली. वरी दोनदा धुवायची, तेलाच्या थेंबावर परतायची, मग उकळतं पाणी घालून झाकायची. सुकट तव्यावर कोरडी भाजून चोळून घ्यायची, कांदा, लसूण, तिखट, चार आमसुलं, मूठभर ओलं खोबरं. छकुली दोनदा मागून जेवली. मी वरीच्या भातावर कालवण वाढलं, झाकण ठेवलं नि समोरचं दार वाजवलं.

बाईंनी झाकण उचललं. "अगंबाई! आजी, आज संकष्टी! आणि भगरीवर मासळी?"

तिथी गावी जाऊ सांगायची, इथं सांगणारं कोण? "संकष्टीचं चुकलं गो माझं," म्हटलं. "पन वरी तर आमची रोजची. उपासाला आम्ही करांदे नि रताळी खातो."

"आमच्याकडं ही फक्त उपासाला. देवापुढं ठेवतो आम्ही."

रागावल्या नाहीत. ताट हातात घेऊन हळूच दार लावलं. ते हळूच लावणंच मला लागलं. ज्या धान्यावर सगळं आयुष्य काढलं, तेच इथं खाल्लं तरी चुकतं, वाढलं तरी चुकतं! घरात आले नि पिशवी भरायला घेतली. संध्याकाळी स्वातीनं ती पिशवी बघितली. कामाचा शब्द काढला नाही पोरीनं. नुसतं म्हणाली, "आई, शिमग्यापर्यंत राहायचं ठरलं होतं ना?" आणि पिशवीतलं एक लुगडं काढून परत कपाटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दार वाजलं. जाधवबाई. माझं ताट घासूनपुसून, वर शेंगदाण्याची चटणी. "काल फ्रिजमध्ये ठेवलं हो आजी. अन्न टाकवेना. आज सासूबाई देवळात गेल्या नि मी उभ्याउभ्याच खाल्लं." मग मागं वळून बघितलं नि आवाज खाली आणला, "अजून आहे का थोडं?"

मी इतकी हसले की छकुली घाबरली. आत बोलावलं, शिल्लक होतं ते गरम केलं, पाट दिला. त्या दिवसापासून त्यांचंही दार उघडं असतं. त्यांच्या गॅलरीतही आता डबे आहेत, माझ्याकडचंच अळू. सासूबाई अजून माझ्या वरीकडं संशयानं बघतात, पण कुळथाची पिठी मागून नेतात.

शिमग्याला पालखीसाठी कुडपणला गेले, जावेला जाधवबाईंची गंमत सांगितली. मग चुलीपाशी बसून जावेनं विचारलं, "तुझ्या वाट्याच्या उतारावर राब भाजू का नाय?" पाला जाळून भाजलेल्या त्या जागेवर पावसाच्या तोंडाला वरीची रोपं होतात. "खानारं कोन नसंल तर कशाला हाडं मोडू मी या वयात?"

मुलगा अंगणात उभा होता, माझ्या उत्तराकडं कान लावून. मी म्हटलं, "भाज."

"म्हंजे येतेस परत?"

"लावणीला येईन, कापणीला येईन. शिजवायला खाली जाईन."

जाऊ निखारे सारत राहिली. मला वाटलं, रडते की काय. माझेही डोळे भरले, धुरानं म्हणा हवं तर. कुठलं घर माझं, असं कोणी विचारलं तर आता मी एक बोट दाखवू शकत नाही. गावी कुणीतरी माझी भूक धरून पेरतं, खाली कुणीतरी माझ्या हातच्या ताटाची वाट बघतं. मधे दोन तासांचा घाट आहे, तो असू दे.

शेवटी जाऊ कमरेवर हात ठेवून उठली. "लबाड हायस," म्हणाली. "मंग जरा जास्तीच भाजते राब. त्या फलटनवालीला बी लागंल ना गो?"