रोज सरकणाऱ्या काठ्या

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले होते. फोन संभाजीचा होता. तो आमच्या गावातल्या होडीवाल्यांच्या गटाचा प्रमुख. तात्या सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडले आणि इंदापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं त्यानं सांगितलं. अशा वेळी माणूस काहीतरी हळहळीचं बोलतो. मी मात्र विचारलं, "काल पाण्यात उतरले होते का?" तो म्हणाला, "उतरलं हुतं. संगं मी हुतो. सगळं बघितलंय मी." त्याला वाटलं, मी अजूनही तात्यांवर संशय घेतेय. खरं तर थंड पाण्यानं त्यांची छाती धरली असेल का, एवढंच माझ्या मनात होतं. पण त्याला दोष कसा देऊ? दोन वर्षांपूर्वी मी तो संशय खरोखरच घेतला होता, तोही चारचौघांत.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पाण्याचा एक फाटा गाव आणि पक्का रस्ता यांच्या मध्ये शिरलेला आहे. वळसा घालून गेलं तर बारामतीची एसटी चुकायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळे पोरगी रोज कॉलेजला कशी जाणार हा प्रश्न वडिलांना फार मोठा वाटायचा. तो मासेमारीची होडी चालवणाऱ्या तात्यांनी सोडवला. तीन वर्षं सकाळी त्यांनी मला होडीतून पलीकडे सोडलं आणि दुपारी परत आणलं. मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले, त्यात त्या वल्ह्याचा वाटा किती हे मला नीट ठाऊक आहे. ते माझे नात्यातले कुणी नव्हते. मला "पोरी" म्हणायचे. वाटेत बोलणं थोडंच, आणि बोलले तरी बहुतेक कुणावर तरी शंका घेतलेली असायची. काठावर उभा असलेला नवा माणूस, नवी गाडी, नवं जाळं... सगळ्यांकडे ते डोळे बारीक करून बघायचे.

पुढे थंडीत येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला पुण्या-मुंबईहून माणसं यायला लागली. मासेमारीच्या होड्यांवर गाद्या आल्या, इंजिनं आली. तात्यांनीही पाहुणे न्यायला सुरुवात केली, पण पाहुण्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. होडीत बसवण्याआधी ते सगळ्यांना काठावर बसवून ठेवायचे. ज्याचं बोलणं थांबायचं नाही त्याला सर्वांत मागं जागा. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, सगळं एका पोत्यात गोळा करून पोतं स्वतःच्या पायाखाली घ्यायचे. "का हो तात्या, आम्ही काय चोर आहोत का?" असं एका बाईंनी हसत विचारलं, तर म्हणाले, "तुमी न्हाय बाई, पर तुमचा हात चुकून सैल सुटंल." पक्षी दिसले की इंजिन बंद आणि पुढं बांबूनं, तेही थोडंच. कॅमेरेवाले हमखास म्हणायचे, जरा जवळ घ्या, एकदा उडवा, पंखांचा गुलाबी रंग मिळू द्या. एकाला त्यांनी दिलेलं उत्तर मी स्वतः ऐकलंय. "सायेब, ती चिखलात जेवाय बसल्यात. तुमच्या ताटावरनं मी तुमाला धा येळा उठीवलं तर तुमी परत बसशिला का?" तो माणूस ओशाळला, पण काठावर उतरल्यावर दुसऱ्या होडीत जाऊन बसला.

होड्या वाढल्या तशी ओढाताण वाढली. तेव्हा गटानं मला बोलावलं. शिकलेली पोरगी आहे, नियम लिहून देईल, असं ठरलं. मला फार आनंद झाला. गावाचं देणं फेडल्यासारखं वाटलं. मी बोर्ड करून आणला: आवाज करू नये, कचरा टाकू नये, काठ्यांच्या पुढे होडी नेऊ नये. उथळ पाण्याच्या अलीकडे बांबूच्या काठ्यांची रांग रोवली, प्रत्येकीला जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधली. पहिले काही आठवडे सगळे माझं कौतुक करत होते.

मग कुजबुज सुरू झाली. काठ्या सरकतायत. रोज थोड्या, आणि नेमक्या होड्यांच्या बाजूला. होड्यांचं पाणी आक्रसत चाललंय. संभाजी एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाला की, पहाटे तात्यांना छातीपर्यंत भिजून परत येताना दोघांनी पाहिलंय. म्हातारा आपल्याला लांब ठेवतोय आणि स्वतःचे पाहुणे आत घालतोय, असं त्याचं म्हणणं. मी आधी नाकारलं. पण संशय एकदा कानात शिरला की माणूस पुरावेच गोळा करत सुटतो. तात्या माझ्या नजरेला नजर देत नाहीत असं मला वाटायला लागलं. ते आधीही कुणाच्या नजरेला फारशी नजर देत नव्हते, हे मी सोयीनं विसरले. एका सुट्टीच्या दिवशी दिवस उगवताना मी दुर्बीण घेऊन काठावर लपून बसले. तात्या एकटेच होडीतून आले, पाण्यात उतरले, एकेक काठी उपटली आणि काही पावलं होड्यांच्या बाजूला येऊन रोवली. मी तशीच घरी आले. ज्या माणसानं मला शिकायला पाठवलं त्याची चोरी मी पकडली होती, असं मला वाटत होतं.

समाजमंदिरात बैठक झाली. मी उभी राहून म्हणाले, मी स्वतः पाहिलंय. तात्या भिंतीला टेकून बसले होते.

"काय बघितलं?"

"काठ्या हलवताना पाहिलं तुम्हाला."

"व्हय. हलीवल्या."

"का?"

"पान्याला इचारा," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

कुणीतरी हसलं. म्हातारा माजलाय, असं कुणीतरी म्हणालं. त्या हंगामात तात्यांनी पाहुणे न्यायचे नाहीत असं ठरलं. तात्या एकटे राहत, होडीवर पोट, आणि गावात आजवर त्यांच्या नावाला कुणी बोट लावलेलं नव्हतं. दोन्ही एका संध्याकाळी गेलं, माझ्या शब्दावर गेलं. वर मीच उपाय सुचवला: काठ्या सिमेंट भरलेल्या डब्यांत पक्क्या करा, म्हणजे कुणाला हलवता येणार नाहीत.

पुढचा महिनाभर मी गावाकडे फिरकले नाही. परीक्षेचं काम हे कारण होतं, पण तात्या समोर येतील ही भीती जास्त होती. गेले तेव्हा उथळ पाणी मोकळं होतं. एकही रोहित नाही. संभाजी चिडलेला, तात्यांनीच सूड म्हणून पाखरं हुसकावली, असं तो म्हणत होता. मी काठानं चालत गेले आणि थांबले. माझ्या लाल चिंध्यांच्या काठ्या सिमेंटच्या डब्यांसकट कोरड्या, भेगा पडलेल्या जमिनीत उभ्या होत्या. एका काठीला कुणी तरी शेळी बांधली होती. पाणी कुठल्या कुठं मागं हटलं होतं. धरणातून शेतीला पाण्याचं आवर्तन सुटतं, पाणी रोज उतरतं, उथळ चिखल रोज आत सरकतो आणि पक्षी त्याच्या मागं जातात. हे मला कळायला हवं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. होडीवाल्यांनी नियम एकदाही मोडला नव्हता. ते काठ्यांच्या अलीकडेच राहिले होते आणि नेमके पक्ष्यांच्या ताटावरून इंजिन फिरवत होते. पाहुणे खूश होते. प्रत्येक फेरीला गुलाबी पंख मिळत होते.

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर जाळं शिवत होते. "बसा मॅडम," म्हणाले. पोरी नाही, मॅडम. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही ते कळलं नाही; उठून चहा टाकला. न राहवून मी विचारलं, "बैठकीत नीट का सांगितलं नाही, तात्या? पाणी उतरतंय म्हणून काठी सरकवतो, एवढंच तर सांगायचं होतं."

"आन् मग? छातीला पानी लागंल तितं काठी, ह्यो हिशेब समद्यांस्नी कळला आसता. उद्या पाखरं कुठं बसनार त्ये आजच कळलं आसतं. पाखरांच्या आदी होड्या तितं जाऊन थांबल्या आसत्या. त्या घोळक्यात कुनाच्या मोबाइलात काय चाललंय, मला काय ठावं?"

"मला एकटीला सांगायचं."

ते पहिल्यांदा हसले. "तुमी? तुमी त्येचा बोर्ड लावला आसता."

या वाक्यावर मी आजवर खूप विचार केला आहे. बरोबर होतं ते. मी खरंच बोर्ड लावला असता, खाली मोठ्या अक्षरात.

मी पुन्हा बैठक बोलावली आणि माझी चूक कबूल केली; पाणी उतरतंय एवढंच सांगितलं, छातीचा हिशेब नाही. लोकांनी अर्धवट विश्वास ठेवला. कशावरनं खरं, असं संभाजी दोनदा म्हणाला. शेवटी तडजोड झाली: सिमेंटचे डबे काढून काठ्या तात्यांनीच सरकवायच्या, पण रोज गटातला एक जण पाळीनं सोबत जाऊन लक्ष ठेवील. हे ऐकून मला शरम वाटली. तात्यांनी मात्र लगेच मान डोलावली. पहारा ठेवायला आलेल्या माणसाला ते पाण्यात उतरवायचे, हातात काठी द्यायचे. काही समजावून सांगत नसत. संभाजीसारखी गडी माणसं पुढचा सगळा हंगाम त्यांच्या मागं छातीभर पाण्यात उभी राहिली, त्यांची लबाडी पकडायला. पुढच्या थंडीत रोहित परतले, पहिल्याइतके नाही, पण परतले. मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले. त्यांनी मला माफ केलं की नुसतं सहन केलं, हे मला सांगता येणार नाही.

दिवसकार्य झाल्यावरच्या रविवारी मी संभाजीला विचारलं, आता काठ्यांचं काय? तो म्हणाला, "दोघं जातो रोज. एकट्यावर भरवसा कुनाचा धरायचा?" त्या दिवशी त्याचा जोडीदार बावड्याला लग्नाला गेला होता. मी येते म्हणाले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि होडीत जागा दिली.

ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. लांब चिखलाच्या कडेला रोहित माना खाली घालून खात होते. संभाजी हळूच उतरला, चालत गेला, पाणी छातीला लागलं तिथं थांबला. काठी रोवली, पुन्हा हलवून बघितली. मग मागं वळून म्हणाला, "बघताय न्हवं, मॅडम?"

"बघतेय," मी म्हणाले.

रांग पुरी झाल्यावर तो ओल्या अंगानं होडीत चढला आणि थोडा वेळ उतरत्या पाण्याकडे बघत राहिला. उद्या काठी कुठं जाईल, याचा अंदाज तो बांधत असावा. त्यानं तो मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही.