घासलेला रुपया

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. बोरिवलीच्या आमच्या घरात, गॅलरीतल्या उजेडात, आदल्या दिवशी कुरियरने आलेला चांदीचा रुपया मी दहापट भिंगाखाली धरला आणि अर्ध्या मिनिटात एका अनोळखी बाईला लबाड ठरवलं.

नाणं बनावट नव्हतं. वजन बरोबर होतं, व्यास बरोबर होता, कडेवरच्या रेघा सलग होत्या. पण शंभर वर्षांच्या चांदीवर हवेने जो करडा-निळसर थर चढतो, तो जवळजवळ नाहीसा झाला होता. संग्राहक ज्याची किंमत मोजतात तो हा थर. त्याच्या जागी होती कोरी, पांढरी चमक, आणि नाण्यावरच्या इंग्रज राजाच्या गालावरून मुकुटापर्यंत गेलेल्या बारीक समांतर रेषा. नाणं घासलेलं होतं. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्यावर येते.

मी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत काम करते. ऑनलाइन नाणं घेताना माझ्या पद्धतीत दोन परीक्षा असतात: एक नाण्याची, दुसरी विकणाऱ्याची. फोटो कुठल्या उजेडात काढलेत, कडेचा फोटो आहे का, वर्णनात दोष सांगितलेत का, यावरून माणूस ओळखता येतो असं मी आमच्या संग्राहकांच्या गटात वारंवार लिहिलं होतं. लोक ते मानत. गटाची व्यवस्था पाहणाऱ्यांत आपलंही नाव यावं, अशी माझी उघड इच्छा होती. या बाईंनी फोटो अंधुक उजेडात काढले होते. वर्णनात फक्त 'घरातलं जुनं नाणं' एवढंच.

आईने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं होतं.

"अय्या, किती चकचकीत गं! आपला मेला रुपया लक्ष्मीपूजनाला घासून घासून हात दुखले तरी काळाच. यांची चिंच जुनी असणार."

"आई, प्लीज. तुला यातलं कळत नाही."

"नाही तर नाही. तुझ्या त्या भिंगातून जरा भाजीपण बघ, करपतेय."

चिंचेचं ते वाक्य मी ऐकलं आणि बाजूला सारलं. प्रयोगशाळेत नको असलेली नोंद अशी बाजूला सारणाऱ्याला मी स्वतः सुनावलं असतं.

दुपारी गटात लिहिलं. भिंगाखालचे चार फोटो, विक्रेतीच्या खात्याचं नाव, आणि मजकूर: 'वरचा थर खराब. जाणूनबुजून चकाकवलेलं नाणं. रेषा दिसू नयेत म्हणून फोटो अंधारात काढले आहेत. या व्यक्तीपासून सावध राहा.' पहिली दोन वाक्यं... नाही, पहिलं एकच वाक्य निरीक्षण होतं. 'जाणूनबुजून' हा शब्द कोणत्याही भिंगात दिसत नाही. तो मी घातला होता, कारण त्याने मजकुराला धार आली.

मंगळवारी त्या बाईंचा फोन आला. विक्रीच्या पावतीवर माझा नंबर होता. त्यांनी मला पैसे परत पाठवले होते, तेही मी मागण्याआधी. आवाज माझ्या मावश्यांसारखा, मालवणी.

"बाय, तुका पटला नाय तर परत दी. रागाव नको. पण लोकांनी माका चोर म्हटल्यानी गो."

नाणं परत करायला मी शनिवारी कांजूरमार्गला गेले. कुरियरने पाठवता आलं असतं. पण पैसे आधीच परत आले होते आणि ते मला टोचत होतं. चाळीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाई साठीच्या आसपास, हाताला बेसनाचा वास. दिवाळीत चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घेतात. दळण बाहेरून आणावं लागतं, म्हणून सासूने ठेवलेले चांदीचे सहा रुपये विकून घरघंटी घ्यायची होती. फोटो देवघरासमोर काढले होते. रुपये तिथेच असत आणि खोलीत उजेड तेवढाच होता.

"पूजेचे ते. दर दिवाळीक चिंचेन घासतंय मी. सासू माझी घासायची, तिची सासू घासायची. काळो रुपयो लक्ष्मीपुढे ठेवतत काय?"

आमच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी हेच झालं होतं, माझ्या डोळ्यांदेखत.

मग त्यांनी आतून स्टीलची ताटली आणली. उरलेले पाच रुपये तिच्यात होते, आरशासारखे.

"तू लिवलंस ना, वरचो थर खराब म्हणान? म्हणान परत काढलंय सगळे. चिंच, मीठ, वर रांगोळी लावून चोळलंय. आता बघ. आता कोण नावां ठेवतलो?"

मी एक उचलून उजेडाकडे धरला. भिंगाची गरजच नव्हती. नुसत्या डोळ्यांना रेषा दिसत होत्या. राजाची दाढी सपाट झाली होती. दिवाळीची चिंच पिढ्यान्‌पिढ्या जे करू शकली नव्हती, ते माझ्या एका वाक्याने सहा दिवसांत करून घेतलं होतं.

गप्प बसले असते तर त्यांनी ते रुपये पुन्हा विकायला ठेवले असते आणि कुणीतरी पुन्हा माझ्यासारखं लिहिलं असतं. म्हणून सांगितलं: काळा थरच हवा असतो, घासल्याने किंमत जाते, आता चांदीच्या भावाच्या फार वर कुणी देणार नाही.

बाईंनी ताटली स्वतःकडे ओढली.

"मगे आधी फोन करून कित्याक नाय सांगलंस गो? नंबर होतो ना तुझ्याकडे?"

होता. पार्सलवरच लिहिला होता.

"हे सगळे मी घेते," मी म्हणाले. "पहिल्या रुपयाच्याच भावाने."

"कित्याक? खराब झालेत म्हणतंस आणि घेतंस? लोकांका वाटतला, तू पैसे देवन माझा तोंड बंद केलंस." ताटली त्यांनी झाकली. "घंटीचा बघूया पुढच्या वर्षी. तू ता चोर म्हटलेला तेवढा पूस."

पुसणं सोपं नव्हतं. मूळ मजकूर काढला तरी त्याची छायाचित्रं दुसऱ्या गटांत पोचली होती. घरी येऊन मी दुरुस्ती लिहिली, आणि तिच्यातून स्वतःची बाजू मांडणारं एकेक वाक्य खोडत गेले. शेवटी उरलं ते असं: नाणं घासलेलं होतं, हे खरं. विक्रेतीने फसवलं, हे मी पुराव्याशिवाय लिहिलं. ती पूजेतली नाणी होती. त्यांनी पैसे न मागता परत केले. त्या प्रामाणिक आहेत.

दुरुस्ती वाचून गटातल्या एकाने 'मोठं मन लागतं' असं मला लिहिलं. त्या बाईंच्या खात्यावर अजून कुणी काही विचारलेलं नाही.

माझा आरोप एक हजार तीनशे बारा जणांनी वाचला होता. दुरुस्तीचा आकडा मी रोज सकाळी पाहत होते; शेवटचा पाहिला तेव्हा तो होता सत्तेचाळीस.