कापूसरावांचा हलका हात

आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसरना सगळे कापूसराव म्हणतात. बावीस वर्षं जखमा धुतायत. पट्टी अशी सोडवतात की रडायला तोंड उघडलेलं पोर तसंच आ वासून बघत राहतं. डॉक्टरांपेक्षा त्यांच्या दाराशी रांग मोठी. मी शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोपवर बसते. माझ्याकडे हौसेनं कुणी येत नाही, त्यामुळे मला त्या रांगेचा हेवा वाटायचा, लपवू कशाला?

त्यांचे थोरले भाऊ शिंपी. आईवडील लवकर गेले तेव्हा त्यांनीच शिवणयंत्रावर पाय मारून धाकट्याला वाढवलं. आता मधुमेहानं त्या पायांची जाणीवच गेली होती. चपलेत टाचणी घुसली, दोन दिवस टोचत राहिली, तरी पत्ता नाही. करंगळीखाली जखम झाली. कापूसराव रोज स्वतः पट्टी करायचे, आणि इतक्या हळुवार की बघणाऱ्याला भरून यावं. तीन आठवडे उलटले, जखम आपली होती तशीच. वर पिवळसर, बुळबुळीत साय. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आठ दिवसांत फरक पडला नाही, तर पाऊल काढावं लागेल."

कापूसराव तडक माझ्या खोलीत आले. "ताई, गोळ्या चालू आहेत, मी रोज धुतोय. मग घोडं अडलंय कुठे?"

मी त्या सायीचा कण काचेवर पसरला, रंग चढवला आणि त्यांना भिंगाखाली दाखवला. "हे जांभळे ठिपके, हे जंतू. बघा कसे घोळका करून बसलेत. आणि भोवती या पांढऱ्या पेशी. एरवी एकटादुकटा जंतू सापडला की पेशी त्याला विळखा घालते, गिळते, विषय संपला. पण या लबाडांनी एकत्र येऊन अंगावर चिकट पांघरूण ओढून घेतलंय. आता गिळणार कसं? तोंडात मावत नाही, धरायला जागा नाही. मग पेशी आपलं जहाल पाणी तिथेच बाहेर ओतते. जंतू आत खुशाल, आणि जळतं तुमच्या दादांचं मांस. औषधही आत नीट पोचत नाही."

"मग खरवडायला हवं," ते पुटपुटले.

"हे मी तुम्हाला सांगायचं? परक्या माणसाची जखम असती तर पहिल्याच आठवड्यात खरवडली असतीत. भावाची नुसती गोंजारत बसलात."

त्यांचा चेहरा पडला. माझी जीभ फार चालते. मला वाईट वाटलं. पण बोलले ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या पट्टीच्या खोलीत उभी राहिले. दादा खाटेवर पाय पसरून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होते. कापूसरावांनी खरवडायचं हत्यार उचललं. एकदा टेकवलं, मागे घेतलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा मागे.

दादांनी सुई थांबवली. "काय रे, काय झालं?"

"दादा, तुला दुखेल रे."

"मला? अरे, तिथे पाय आहे की लाकूड, तेही मला कळत नाही. दुखतंय ते तुला. तुझं दुखू नये म्हणून माझा पाय घालवतोस होय?"

दंडाला डोळे पुसून कापूसरावांनी खरवडायला घेतलं, ते ताजं लाल रक्त दिसेपर्यंत. साय पुन्हा धरते, म्हणून दर दोन दिवसांनी तेच. चौथ्या खेपेच्या काचेवर मला पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसले. मी खुर्चीवरून ओरडलेच.

पाऊल वाचलं. करंगळी मात्र गेली. त्या तीन आठवड्यांत ती आतून सडली होती. कापूसराव कुणालाही सरळ सांगतात, "ती माझ्यामुळे गेली." परवाही पट्टी सोडताना म्हणाले.

"नऊ आहेत की अजून," दादा म्हणाले. "आवर लवकर, गिऱ्हाईक थांबलंय."