टेम्पो मंडळाचा, गाद्या अध्यक्षांच्या

मळवलीचा जानू आमच्या कबुतर शर्यत मंडळाचा टेम्पो चालवतो. टेम्पो सगळ्यांच्या वर्गणीतून घेतला, डिझेलबी वर्गणीचंच. पण वलवणचे आमचे अध्यक्ष तो घरचाच समजतात.

त्या रविवारी जानू आमच्या कबुतरांच्या पेट्या घेऊन घाट उतरला आणि पेणच्या माळावर थांबला. तिथनं सोडलेली पाखरं घाट ओलांडून आपापल्या घरी परततात, तीच शर्यत. मागं बघतो तर घाट ढगात गडप. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन.

“पाखरं सोड आणि लगेच ये. बंगल्यावर पाहुण्यांसाठी गाद्या आणायच्यात.”

“साहेब, घाट दिसत न्हाई. ढगात वाट चुकून मरत्याल.”

“त्यांना कळतं रे. तू ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरच राहा.”

“व्हय. मंग येक सांगा, आज तुमची पेटी कशी न्हाई आली?”

अध्यक्षांनी फोनच कापला. हवामान बघून ह्या गड्यानं आपली कबुतरं घरात ठेवली, आणि आमची ढगात ढकलायला निघाला!

जानूनं पाखरांना पाणी पाजलं आणि टेम्पोच्या आडोशाला भाकरी सोडली. दुपारी घाट मोकळा झाला, तेव्हाच पेट्यांची दारं उघडली. तासाभरात माझी सहाच्या सहा छपरावर उतरली.

आता अध्यक्ष जानूला काढायचं म्हणतात. काढा म्हणावं. मंग वर्गणी मागायला आमच्या दारात येऊ नका, आन् गाद्या डोक्यावर वाहा.