नव्या भरावावरचे टेकू

शहापूरला एका घराचा स्लॅब टाकत होतो. इंजिनियर म्हणून ते माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं. आदल्या दिवशी स्लॅबखालचा साचा उभारणारे सेंट्रिंगचे मिस्तरी म्हणाले होते, "मॅडम, खालचा मातीचा भराव नवा हाये, दबला नाही. टेकूखाली फळ्या टाकू." मिक्सर सकाळीच येणार होता. घाईत मी नको म्हटलं.

अर्धा स्लॅब झाला आणि मिस्तरी ओरडले, "मिक्सर बंद करा!" मी खाली धावले. मधले दोन टेकू भरावात रुतत होते, त्यांच्यावरची साच्याची प्लेट वाकली होती. मिस्तरींनी वरची माणसं उतरवली. "तुमी बाहेर राहा," मला म्हणाले आणि हातोडी घेऊन आत शिरले. मी मागोमाग आत गेले. मी टेकूंखाली फळ्या सरकवत होते, ते जपून पाचरा ठोकत होते. डोक्यावर ओलं काँक्रीट होतं.

टेकू घट्ट बसले तेवढ्यात घरमालक आले. "काम काहून थांबवलं? चूक कोनाची?"

मिस्तरी मान खाली घालून हातोडीची माती पुसू लागले.

"माझी," मी म्हणाले. "मिस्तरींनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मालक बरंच बोलले. शेवटी मिस्तरीच मध्ये पडले, "माल सुकून राहिला, साहेब. काम चालू करू द्या."

स्लॅब नीट झाला. पुढे एकोडी गावातल्या कामासाठी मी त्यांनाच फोन केला. त्यांनी विचारलं, "आता आयकाल ना?"

"ऐकीन," मी म्हणाले.

"मंग येतो."