अकरा मिनिटांचं पान

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणाऱ्यांतली. आमच्या घरात भुताखेतांना, अंगात येण्याला आजोबांच्या काळापासून थारा नाही. म्हणून हे लिहू की नको, यातच दोन महिने गेले. जसं घडलं तसं सांगते...

मी विठ्ठलवाडीला राहते, एस.वाय.बी.ए.ला आहे. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गेल्या वर्षापासून शनिवार-रविवार दुपारी ठाण्याला, कोपरीत सुमनताईंकडे जाते. ताई साठीच्या, एका ऑफिसातून टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. नवव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आता त्या कादंबरी लिहितायत — म्हणजे त्या बोलतात, मी लिहिते. भूल देणारी एक डॉक्टर, आणि ऑपरेशनच्या वेळी पूर्ण बेशुद्ध असूनही सगळं कळत होतं असं सांगणारी एक पेशंट. माणूस शुद्धीत नसतो तेव्हा त्याची जाणीव जाते कुठे, हा विषय. थ्रिलर आहे, पण फार सावकाश चालते.

"ताई, आठ प्रकरणं झाली. खून कधी?"

"अगं बाई, आधी माणूस जागा आहे की नाही ते तरी ठरू दे! मग मारू."

ताईंचा नियम एकच — त्या बोलतील तेवढंच लिहायचं. कॉलेजच्या परीक्षेत त्यांचा पेपर लिहायला बसलेल्या मुलाने उत्तरांत स्वतःची अक्कल घातलेली. तेव्हापासून स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा त्या तोंडाने सांगतात आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवतात. "पुस्तक कसंही होऊ दे, पण माझं पाहिजे," म्हणतात.

त्या रविवारी नववं प्रकरण चाललेलं. दुपारचे साडेतीन. पेशंटला भुलीत काय दिसतं, ते यायचं होतं. ताई बोलत होत्या, मी लिहीत होते. पान भरत आलं आणि ताई म्हणाल्या, "प्रज्ञा, काय खरडतेयस? मी मघापासून गप्प आहे."

मला वाटलं, मस्करी. "तुम्हीच तर सांगताय, ताई."

"वाच बघू."

मी वाचलं. एक लहान मुलगी. तिला महिनाभर डाव्या डोळ्याने दिसत नाहीये. ती कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर शाळा बंद करतील. फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीतून उतरवते. दुसराही डोळा जातो तेव्हा डॉक्टर म्हणतात, उशीर केलात. आई मरेपर्यंत म्हणत राहते, माझंच लक्ष नव्हतं...

अख्ख्या पानात एकही पूर्णविराम नव्हता.

ताईंचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही, ताई. खरंच."

"कुणाला माहीतच नाही गं. आईलासुद्धा मी कधी सांगितलं नाही." मग आवाज कडक झाला. "तू मनाचं लिहिलंस?"

मला रडू आलं. आता या मला परत बोलावणार नाहीत, एवढंच डोक्यात. ताईंनी रेकॉर्डिंग लावलं. आधी त्यांचा आवाज — "पूर्णविराम. नवा परिच्छेद." त्यानंतर अकरा मिनिटं नुसता पंखा, माझ्या पेनाची खरखर, शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. मग एकदम, "प्रज्ञा, काय खरडतेयस?"

मी मात्र ती अकरा मिनिटं त्यांचा आवाज ऐकलेला. आजही तेच सांगेन.

डोळे पुसून मी विचारलं, "फाडू का?"

"नको. गप्प बसून मी हेच आठवत होते. पण पुस्तकात द्यायचं नव्हतं मला." मग म्हणाल्या, "नवीन पान घे. आता मी बोलते."

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, स्वल्पविरामांसकट. आईच्या वाक्यालाही शेवटी "पूर्णविराम" म्हणाल्याच. कादंबरीत ते दुसरं पान आहे. पहिलं त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलंय.

कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, आधी कधीतरी ऐकलं असशील, विसरली असशील. असेलही. पण कुणाकडून? माझी आई म्हणते, "दमतेस गं तू. झोप घे नीट."

आता लिहिताना मी मधेच पेन उचलते आणि विचारते, "ताई, बोललात ना तुम्ही?" त्या "हो" म्हणेपर्यंत पुढे लिहीत नाही.

दर वेळी त्या लगेच "हो" म्हणतातच, असं नाही.