तंबाखूची भुरी आणि साडेतीनचा फोन

कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे पार्ट रंगवायच्या विभागात, आठ तास तोंडाला मास्क, डोक्याला टोपडं. बोलायची सोयच नाही. त्यामुळे बोलणं आत साठत जातं आणि पहिली शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर, बस येईपर्यंतच्या वीस मिनिटांत, सगळं बाहेर पडतं. मी त्या टपरीवर गेली आठ वर्षं चहा पितोय. खरं तर हे किस्से सांगायचा हक्क बाळूभाऊचा आणि आप्पाचा, कारण शेती त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे पिंपळे गुरवच्या बाल्कनीत एक तुळस आहे, तीही बायकोची.

बाळूभाऊ निघोज्याचा. घरी दोन एकर कांदा. आप्पा कागलकडचा. तिकडे त्याचा थोरला भाऊ तंबाखू करतो. आप्पा शेती सोडून कंपनीत आला तो त्याच्याशी भांडूनच, आणि चार वर्षं दोघांत शब्द नाही. पण जीव अजून तंबाखूत अडकलेला! मोबाईल आत न्यायला बंदी, म्हणून साडेतीनला लॉकरमधून फोन हातात आला की तो आधी गावची हवा बघतो आणि मग वहिनींना फोन लावतो. हायवेच्या गोंगाटात ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर.

"वहिनी, दोन दिवस ढग हाईत. भुरीवर ध्यान ठेवा. पण मी सांगितलं म्हणून दादाला सांगू नका."

शेवटचं वाक्य आम्हालाही पाठ झालंय.

*

आप्पाचा पहिला दिवस. ट्रेनिंगचे साहेब सांगत होते, की धुळीचा एक कण ओल्या रंगावर बसला तरी पार्ट वाया जातो. आप्पाने हात वर केला.

"आमच्याकडं पानावर अशीच पांढरी धूळ बसती साहेब. भुरी. वाऱ्यावर येती."

"मग फडक्यानं पुसून घ्यायची."

"पुसली की शेजारच्या पानावर जाती. जिती असती ती."

पार्ट पुसायच्या कामाला साहेबांनी आप्पाला लावलंच नाही. थेट स्प्रे गन हातात दिली.

*

एकदा टपरीवर बाळूभाऊ तळहातावर तंबाखू मळत होता आणि आप्पा भुरीचं पुराण सांगत होता. धो धो पाऊस परवडला, बुरशी धुऊन तरी जाते. पण नुसतं ढगाळ, गार आणि दमट राहिलं की ती खालच्या पानांवर धरते आणि वाऱ्याबरोबर रानभर होते.

बाळूभाऊला हे पटेना. "तंबाखूला रोग? येवढ्या कडू पाल्याला कोन तोंड लावतंय?"

आप्पाने त्याच्या तळहाताकडे पाहिलं.

"तू लावतोस की."

बाळूभाऊने चिमूट ओठाखाली ठेवली आणि विषय बदलला.

*

पेंट बूथमधल्या हवेचं रजिस्टर मी भरतो. मागच्या हिवाळ्यात बाळूभाऊ रोज येऊन माझ्या खांद्यावरून दमटपणाचा आकडा वाचून जायचा. मला वाटलं, माणूस कामात रस घेतोय. मी कौतुकाने साहेबांच्या कानावरही घातलं.

पंधरा दिवसांनी कळलं, की त्या आकड्यावर तो कांद्याची फवारणी ठरवत होता. आकडा रोज तोच, म्हणजे हवा कोरडी, म्हणजे पात वाळवणाऱ्या करपा रोगाची भीती नाही! अरे, बूथमधली हवा मशीन एकसारखी धरून ठेवतं, ती निघोज्याची कशी असेल?

त्याची चूक त्याच्या बायकोने पकडली. "तुमचं मशीन काय का म्हणंना, माझं लुगडं चार दिस दोरीवर वाळंना. जावा, पंप भरा."

कांदा थोडक्यात वाचला. तेव्हापासून बाळूभाऊ आकडा विचारत नाही. घरी फोन करून दोरीवरचे कपडे वाळले का, ते विचारतो.

*

पण करपा थोडा आलाच. बाळूभाऊचं ठाम म्हणणं, तो शेजारच्या रानातून वाऱ्याने आला. पुरावा हवा म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी बांधावर काठी रोवली, तिला प्लॅस्टिकची पट्टी बांधली आणि शेजाऱ्याला बोलावून समोर बसवलं.

दिवसभर पट्टी शेजाऱ्याच्या रानाकडे फडफडत राहिली.

संध्याकाळी बाळूभाऊने काठी उपटली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "राहिलेलं औषध घेऊन जा. तुझ्याकडं बी मारून घे."

*

आता यंदाचा डिसेंबर. गेल्या वर्षी भुरीने आप्पाच्या भावाचं अर्धं रान खाल्लं होतं. यंदाही तसंच झालं तर दादा तंबाखू कायमची सोडणार, असं वहिनी म्हणाल्या होत्या. आणि गावावर सलग तीन दिवस ढग. ना ऊन, ना पाऊस.

चौथ्या दिवशी साडेतीनला आप्पाने फोन लावला. वहिनी उचलेनात. पुन्हा लावला. नाहीच. चहा तसाच गार झाला. बस आली, भरली. आम्ही ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब.

आप्पाने दुसरा नंबर काढला. चार वर्षं न लावलेला.

पलीकडून लगेच आवाज आला. "बोल."

"दादा..." आप्पा म्हणाला. "ढग हटंनात. खालची पानं काढून घे. भुरी येईल."

"परवाच काढली. तू सोमवारी म्हणलास तवाच. रान बेस हाय."

"सोमवारी मी वहिनीला म्हणलो हुतो."

"ती बी स्पीकरवरच बोलती."

बाळूभाऊने मळलेली तंबाखू मुठीत तशीच धरली होती. फोनमधून कोंबडीचा आवाज येत होता.

"आज वहिनी फोन उचलंना," आप्पा म्हणाला.

"मीच नको म्हणलो. उद्यापासनं मलाच लाव. तिची बॅटरी उगं संपती."